डासाचं ताट

भाद्रपद उतरणीला लागला आहे. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. दोन दिवस पावसाने उघडीप दिली आहे आणि हवेत ओला उकाडा दाटला आहे. तुम्ही अकोल्यात असा, अमरावतीत असा, नाहीतर दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या एखाद्या खेड्यात. दिवेलागणीच्या थोडं आधी घराच्या ओट्यावर या. खुर्ची नको. भिंतीला पाठ टेका, पाय सैल सोडा, तळहात मांडीवर उताणे ठेवा. दिवा अजून लावू नका. मोबाइल घरातच राहू द्या.

घाई नाही. वाचताना जिथे थांबायला सांगितलं आहे, तिथे खरंच थांबा.

आता श्वासाकडे लक्ष द्या. आत येणारा जरासा गार, बाहेर जाणारा कोमट. बाहेर गेलेला श्वास तुम्ही सोडून दिलात, पण त्याचं काम अजून संपलेलं नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत धाग्यासारखा पसरत जातो. अंगणाच्या कोपऱ्यात, जास्वंदीच्या पानाखाली बसलेल्या डासाच्या मादीला तो धागा लागतो आणि त्याचा माग काढत ती निघते. जवळ आली की तिला तुमच्या अंगाची ऊब कळते, घामाचा वास कळतो. ज्या श्वासावर मन ठेवून तुम्ही स्वतःपाशी येता आहात, त्याच श्वासाला धरून तीही तुमच्यापाशी येते आहे.

थांबा. तीन श्वास घ्या.

आली. कानाशी तो बारीक सूर लागला. तुमचा हात उठला सुद्धा.

हात जिथे आहे तिथेच राहू द्या. मारू नका, असं मी म्हणणार नाही. एका ऑक्टोबरात माझ्या घरी डेंग्यू आला होता. आठ दिवस आम्ही प्लेटलेटचे आकडे ऐकत जागलो. ते दिवस पाहिलेल्या माणसाला डासाविषयी गोड बोलणं जमत नाही. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांनी मलेरियाचा ताप पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. विदर्भातल्या कित्येक गावांत हत्तीपायाने सुजलेला पाय ओढत शेताला जाणारी माणसं आपण पाहिली आहेत. तेव्हा हे मनन डासावर माया करण्यासाठी नाही. त्याला पुरतं बघण्यासाठी आहे. आपण ज्याला इतक्या वेळा मारलं, त्याच्याकडे एकदाही धड पाहिलेलं नाही.

एकच प्रश्न मनात धरा आणि मग हात खाली घ्या. ही जी कानाशी आली आहे, ती आज सकाळी काय जेवली?

आपलं उत्तर लहानपणापासून ठरलेलं आहे: रक्त. ते उत्तर थोडा वेळ बाजूला ठेवा. प्रश्न तसाच उघडा राहू द्या.

*

मान किंचित वर करा. अंगणाच्या वर, एखाद्या खांबाच्या किंवा झुडपाच्या टोकाशी, कधी कधी तर थेट आपल्याच डोक्यावर, बारीक किड्यांचा एक खांब वर-खाली नाचताना दिसतो. पुष्कळदा ती चिलटं असतात. पण कधी कधी ते डासांचे नर असतात. दिवस आणि रात्र यांच्या मधल्या थोडक्या वेळात ते असे जमतात आणि माद्यांची वाट पाहतात.

त्यातल्या एका नराला मनाने जवळ घ्या. त्याच्या मिशा पिसासारख्या दाट असतात. त्या मिशा हाच त्याचा कान. मादीच्या पंखांचा सूर तो त्यांनी ऐकतो. आता त्याची सोंड बघा. तिने माणसाची कातडी भेदता येत नाही. या नराने जन्मात कधी कोणाचं रक्त प्यायलेलं नाही, पुढेही पिणार नाही. त्याचं सगळं आयुष्य फुलातल्या रसावर, पानावरच्या गोड थेंबावर, पिकून फुटलेल्या फळाच्या पाण्यावर जातं.

म्हणजे आपल्या अंगणातले निम्मे डास आपल्या वाटेला कधी आलेच नाहीत. त्यांना आपण ओळखत नाही, कारण ते आपल्याला चावले नाहीत.

इथे थोडं थांबा. आणखी कोण कोण असं आहे, जे केवळ आपल्याला दुखावत नाही म्हणून आपल्याला दिसलेलं नाही? नाव आठवण्याचा हट्ट नको. प्रश्न मनातून जाऊ द्या.

*

आता मादीकडे या.

कोषातून बाहेर पडली तेव्हा तिचे पंख ओले होते, अंगात बळ जेमतेम होतं. उडायला जी ताकद लागते ती साखरेतून येते. म्हणून तीही नरासारखीच आधी गोडाच्या शोधात निघते. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं: कुठल्याशा फुलातला रस.

रक्त तिला लागतं ते अंड्यांसाठी. अंडी भरायला प्रथिनं हवीत, आणि ती फुलाच्या रसात पुरेशी नसतात. एका बैठकीत ती स्वतःच्या वजनाहून जास्त रक्त ओढते, मग एखाद्या अंधाऱ्या भिंतीवर दोन-तीन दिवस ते पचवत बसते आणि शेवटी शंभराच्या आसपास अंडी घालते. पुन्हा भूक, पुन्हा गोड, पुन्हा रक्त. सगळ्या जाती या बाबतीत सारख्या नाहीत. घराघरात राहणारा, दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डेंग्यूचा डास माणसाच्या इतक्या जवळ आला आहे की तो रक्तावर जास्त आणि गोडावर कमी भागवतो. दुसऱ्या टोकाला एक धिप्पाड, चमकदार डास आहे. आपल्या देशातल्या जंगलांतही तो सापडतो. त्याच्या माद्यासुद्धा रक्ताला शिवत नाहीत. त्याच्या अळ्या पाण्यात असताना इतर डासांच्या अळ्या खातात, तेव्हाच अंड्यांची बेगमी करून ठेवतात, आणि पंख फुटल्यावर फक्त फुलांवर जगतात. जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. आपण सगळ्यांना एकच नाव दिलं आहे.

आता डोळे मिटा आणि मादीच्या पोटात पाहा. तिथे दोन वेगळ्या जागा आहेत. गोड रस आत आला की तो आधी एका साठवणीच्या पिशवीत जातो आणि तिथून लागेल तसा थोडा थोडा पुढे सरकतो. रक्त आलं की ते त्या पिशवीकडे वळत नाही, सरळ पोटात उतरतं. तोंड एकच, पण रोजच्या पोटापाण्याची वाट वेगळी आणि लेकरांसाठी आणलेल्याची वाट वेगळी.

याच पोटाच्या भिंतीवर रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत मलेरियाचे जंतू दिसले, आणि ताप डासातून येतो हे उघड व्हायला वाट मिळाली. रॉस यांनी मादीच्या रक्ताच्या पोटात पाहिलं होतं. गोडाच्या पिशवीचा शोध घेण्याची पद्धत पुढे निघाली. अँथ्रोन नावाचं एक पिवळसर द्रावण असतं. शेतातून, गोठ्यातून धरलेला डास चिरडून त्यात टाकला आणि फुला-फळातली साखर, फ्रुक्टोज, त्याच्या अंगात असली, तर ते द्रावण निळं-हिरवं होतं. आपल्या रक्तातून तो रंग येत नाही. तो फुलाकडूनच येतो.

काचेच्या नळीत पिवळ्यातून हळूहळू उमटणारा तो रंग डोळ्यांसमोर आणा. वैऱ्याच्या पोटात फूल सापडलं आहे.

त्या रंगापाशी थोडा वेळ राहा.

*

आता मनाने उठा आणि शेताच्या वाटेला लागा. वऱ्हाडात वाट कुठलीही धरली तरी कपाशीत जातेच.

कपाशी पाती-फुलांवर आली आहे. ओळीत वाका. एक पूर्ण वाढलेलं पान हलकेच धरा आणि उलटं करा. मधली जाड शीर दिसते? देठाकडून थोडं पुढे, त्या शिरेवर एक बारीक खळगी असते, तिळाहूनही लहान. सकाळच्या वेळी त्या खळगीत काचेच्या मण्यासारखा थेंब चमकतो. हा मध आहे, पण फुलातला नव्हे. पानाने वाढलेला आहे. पात्यांना वेढणाऱ्या हिरव्या पानोळ्यांवरही अशा खळग्या असतात. मुंग्यांना त्या पक्क्या ठाऊक आहेत. कपाशीवर मुंग्यांची जी ये-जा आपण वर्षानुवर्षं पाहतो, ती पुष्कळदा याच थेंबांसाठी असते. एरंडाच्या देठांवरही असे मधाचे बारीक फोड असतात. फुलाबाहेरच्या अशा थेंबांवर डासही येतात.

शेजारचं पान बोटाला चिकटलं? त्यावर मावा आहे, किंवा पांढरी माशी. ती कीड झाडाचा रस इतका ओढते की पचला नाही तो गोड द्रव मागून टाकते; त्याचा चिकटा पानांवर पसरतो, मग त्यावर काळी बुरशी चढते. शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा तो चिकटाही कुणाचं तरी ताट आहे. माश्या, मुंग्या, डास त्यावर जेवून जातात.

पान सोडून द्या. बांधावर या.

बांधावर गाजरगवत उभं आहे, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या फुलांचं. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या नजरेला आलेलं हे परदेशी तण आता आपल्याकडे बांध, रस्ता, पडीक, शाळेचं मैदान काही सोडत नाही. अंगाला खाज, दम्याला निमित्त, गुरांना नकोसं. केनियातल्या संशोधकांनी 2015 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मलेरिया पसरवणाऱ्या आफ्रिकी डासाच्या माद्यांना नुसत्या गाजरगवतावर ठेवलं, रक्त दिलंच नाही, तरी त्या तगून राहिल्या आणि त्यांच्या अंगात साखर-चरबीचा साठाही झाला. ज्या झाडाचं विष गुरांना आणि माणसांना सोसत नाही, त्याच झाडावर डासाची मादी निभावून नेते.

त्यापलीकडे नाल्याच्या काठाला वेडी बाभूळ. आफ्रिकेतल्या माली देशातल्या नऊ गावांतला अभ्यास 2017 साली छापून आला. सहा गावांत ही बाभूळ माजलेली होती, तीन गावांत नव्हती. सहांपैकी तीन गावांत तिच्या फुलांच्या फांद्या छाटल्या. तिथे डास बरेच घटले, आणि त्याहून मोलाचं म्हणजे वयस्क माद्या फार घटल्या.

वयस्क माद्या घटण्याला इतकं मोल का? इथे मन पूर्ण लावा. मलेरियाचा जंतू मादीच्या अंगात गेल्या गेल्या दुसऱ्याला देता येत नाही. त्याला तिच्या आत वाढायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली तरच तिचा दंश तापाचा होतो. आणि तेवढे दिवस तिला जगवतं कोण? हा पानावरचा थेंब, हे बांधावरचं फूल. रक्ताची भीती आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली; तिचं आयुष्य लांबवणारं गोड ताट मात्र आपल्याच बांधावर मांडलेलं होतं, आणि तिकडे आपण कधी पाहिलं नाही.

हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू तर याहून चतुर. दिवसभर ते माणसाच्या शरीरात खोल दडून राहतात आणि रात्री, जेव्हा त्यांचा डास जेवायला येतो, तेव्हा कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच आरोग्य खात्याची माणसं रक्ताचे नमुने घ्यायला रात्री दारावर येतात. डासाची जेवणाची वेळ त्या जंतूला कळली. आपल्याला ती कळायला फार उशीर लागला.

तीन श्वास. मग परत फिरा.

*

घराच्या मागच्या अंगणात या. तिथे एक पिंप आहे, निळं, प्लास्टिकचं. ते तिथे का आहे हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं ते काही दिवसांआड. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्ट्याची शेकडो गावं आहेत. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारं. गोडं पाणी येईल तेव्हा भरून ठेवावं लागतं. पाणी साठवणं हा आपला आळस नाही, गरज आहे. आणि उन्हाने चाळीस-पंचेचाळीस अंश गाठणाऱ्या या मुलखात घरोघरी कूलर आहे. पावसाळा लागला की तो बंद होतो आणि कोपऱ्यात पडून राहतो, बुडाशी बोटभर पाणी घेऊन.

पिंपाचं झाकण बाजूला करा आणि आत डोकवा. डोळे अंधाराला सरावू द्या.

पाण्यात बारीक काड्या वळवळताना दिसतात. काही डोकं खाली करून शेपटीच्या नळीने पृष्ठभागाला लटकल्या आहेत. त्या नळीतून त्या श्वास घेतात. मलेरियाच्या डासाची अळी मात्र लटकत नाही, पाण्याला समांतर आडवी पडून राहते. प्रत्येकीच्या तोंडाशी केसांचे झुबके आहेत. ते सारखे हलतात, पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढतात आणि त्यातलं शेवाळ, जिवाणू, कुजलेल्या पानाचा चुरा गाळून घेतात. हे तिचं बालपणीचं जेवण. तिने अजून फूल पाहिलं नाही, रक्त पाहिलं नाही. जे काही मिळालं ते या पिंपातून, आपल्या घरातून मिळालं.

आणि बघा, काही जीव स्वल्पविरामासारखे वाकलेले आहेत. ते कोष. हे काहीच खात नाहीत. दोनेक दिवस तोंड मिटून असतात, आणि त्या उपासात आत सगळं बदलत जातं. पाण्यात जगणारा जीव हवेतला होतो.

उबदार दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत सारं आठ-दहा दिवसांत उरकतं. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. पण नुसतं पाणी सांडून भागत नाही. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो, आणि ती कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. कूलरची टाकी, पिंप, रांजण घासून पुसून सुकवला तरच ती जातात. हौद-विहिरीला घासणं शक्य नाही. तिथे गप्पी मासे सोडतात, ते अळ्या खातात.

माझी आजी मच्छर मारताना मला पाहायची आणि म्हणायची, "आधी पानी सांड लेकरा, मंग थापड मार." तिने अळीच्या तोंडाचे झुबके पाहिले नव्हते, अँथ्रोन तिला माहीत नव्हतं. पण डासाचं पहिलं ताट कुठे वाढलेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

*

आता डोळे मिटूनच ओट्यावर परत या. अंधार पडला आहे. तळहात अजून उताणे आहेत.

आज जे पाहिलं ते सावकाश एका ओळीत मांडा. पाण्यातल्या शेवाळावर वाढलेली अळी. काही न खाता बदलणारा कोष. पानाच्या शिरेवरचा थेंब पिणारा नर. गाजरगवतावर दिवस काढणारी मादी. आणि शेवटी, अंड्यांसाठी, तुमच्या मनगटावर घालवलेलं एखादं मिनिट.

आपल्याला ते शेवटचं मिनिट तेवढं ठाऊक होतं. त्यावरून आपण एका जिवाचं सगळं चरित्र लिहून टाकलं. जो आपल्याला जिथे डसतो तेवढाच तो आपल्याला दिसतो, हे डासापुरतं खरं नाही. घरातलं एखादं कडू बोलणारं माणूस, शेजारी, भाऊबंद. त्यांचाही आपल्याला लागलेला दंश तेवढा आपण जपून ठेवतो आणि उरलेला दिवस ते कशावर जगतात हे विचारत नाही.

एखादा चेहरा समोर आला असेल तर त्याच्याबद्दल तोच प्रश्न मनात धरा: हा माणूस आज सकाळी काय जेवला? दंश खोटा होता असं म्हणायचं नाही, तो विसरायचाही नाही. फक्त त्या दंशाभोवती उरलेलं आयुष्य दिसू द्यायचं.

पाच श्वास. अगदी सावकाश.

असं पुरतं पाहिल्याने माणूस मवाळ होतो आणि हात थांबतो, असं कोणाला वाटेल. माझा अनुभव वेगळा आहे. रागाने उठलेला हात एका डासापर्यंत पोचतो, तोही बहुतेक वेळा चुकतो. पुरतं पाहिलेला हात पिंपापर्यंत जातो, कूलरच्या टाकीपर्यंत जातो, बांधावरच्या गाजरगवतापर्यंत जातो आणि ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटतो. याच मुलखात, शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. गाव झाडताना त्यांनी कचऱ्यावर राग धरला नाही. कचरा कुठे साचतो ते पाहिलं आणि तिथे झाडू नेला.

आता डोळे उघडा. दिवा लावा. मच्छरदाणी लावायची असेल ती लावा, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा असेल तो करा. लेकरांच्या अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. कानाशी पुन्हा सूर लागला आणि हात उठला, तर उठू द्या.

फक्त निजण्याआधी एकदा मागच्या अंगणात जा. पिंपाचं झाकण नीट बसलं आहे का पाहा. कूलरची टाकी हलवून बघा, आत पाणी वाजतं का. वाजलं तर सकाळची वाट पाहू नका. टाकी आडवी करा, पाणी मातीत जिरू द्या, आणि घासणी घेऊन तिच्या भिंती हाताला कोरड्या लागेपर्यंत घासा.